जुना डीएसएलआर की खिशातला कॅमेरा?

मोबाइलच्या पुढे जाऊन फोटोसाठी वेगळा कॅमेरा घ्यायचा आणि खर्च आटोक्यात ठेवायचा, तर आज मुख्यतः दोन वाटा दिसतात. एक म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा वापरलेला डीएसएलआर, आणि दुसरी म्हणजे खिशात मावणारा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा. दोन्हींच्या सेकंडहँड किमती आता बऱ्याचदा एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे निवड पैशावर ठरत नाही. काय टिपायचे आहे, कॅमेरा कुठे आणि कसा न्यायचा आहे आणि पुढे त्याला आणखी लेन्स जोडायच्या आहेत का, यांवर ती ठरते. या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, पण बहुतेक वेळा निर्णायक तोच असतो.

किमती जवळ येण्यामागे या दोन प्रकारांचा अलीकडचा इतिहास आहे. निकॉनचा डी१ हा १९९९ सालचा, २७ लाख पिक्सेलचा डीएसएलआर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी होता. सामान्य ग्राहकाने त्याचा विचारही करू नये अशी त्याची किंमत होती. २००३ मध्ये कॅननने ३००डी आणला. एक हजार डॉलरच्या आत मिळणारा हा पहिला डीएसएलआर. तिथून पुढच्या दशकभरात घरोघरी डीएसएलआर पोचले. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका सुरू केल्या आणि डीएसएलआरची वाढ जवळजवळ थांबली. व्यावसायिक छायाचित्रकार नव्या कॅमेऱ्यांकडे वळले, हौशी लोकही वळले, आणि त्यांचे जुने कॅमेरे बाजारात आले. मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी दुकानांच्या काचेआड आज असे कॅमेरे ओळीने मांडलेले दिसतात. चांगल्या चालू स्थितीतल्या यंत्राची किंमत इतकी उतरणे ही घेणाऱ्यासाठी मोठी संधी आहे.

कॉम्पॅक्टचे उलटे झाले. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. मग स्मार्टफोन आला. अलीकडच्या वर्षांत सर्व प्रकारचे कॅमेरे मिळून हा आकडा ८० लाखांच्या आसपास आला आहे. कंपन्यांनी स्वस्त कॉम्पॅक्ट बनवणे जवळपास सोडून दिले. नेमक्या याच काळात तरुण पिढीला या छोट्या कॅमेऱ्यांची ओढ लागली. पुरवठा आटलेला आणि मागणी वाढलेली, म्हणून कधीकाळी जुन्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांनाही आता भाव आहे.

डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या या आरशावर पडतो, वर वळतो आणि प्रिझममधून डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ते खरे दृश्य असते, त्याचे पडद्यावरचे चित्र नव्हे. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून काही प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आणि तिथून तळाशी बसवलेल्या फोकसच्या स्वतंत्र सेन्सरवर जातो. हा सेन्सर प्रकाशाच्या दोन झोतांची तुलना करून लेन्स कोणत्या दिशेने आणि किती सरकायला हवी हे एकदम सांगतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मुख्य सेन्सरवर पडतो. कॅमेऱ्याचा तो ओळखीचा ‘खटॅक’ आवाज मुख्यतः या हालचालीचा.

कॉम्पॅक्टमध्ये आरसा नाही, प्रिझम नाही. सेन्सरवर पडलेले चित्र सतत मागच्या पडद्यावर दिसत राहते. जुन्या कॉम्पॅक्टमध्ये फोकसचे कामही मुख्य सेन्सरच करतो. लेन्स पुढेमागे हलवत कडा सर्वांत ठळक कुठे दिसतात ते तो शोधतो. ठळकपणाचे शिखर ओलांडून गेल्यावरच ते ओलांडल्याचे कळते, म्हणून लेन्स थोडी मागे येते. या शोधात क्षण निघून जातो. धावणारे मूल, कबड्डीतली चढाई, बैलगाडा शर्यतीतला शेवटचा टप्पा असे काही टिपायचे असेल, तर २००८ सालचा साधा डीएसएलआरही त्या काळातल्या बहुतेक कॉम्पॅक्टना मागे टाकतो. उन्हात पडदा नीट दिसत नाही, ही कॉम्पॅक्टची दुसरी अडचण; डोळ्याला लावलेल्या व्ह्यूफाइंडरला ऊन त्रास देत नाही.

चित्राच्या दर्जाचा प्रश्न सहसा मेगापिक्सेलवरून सोडवला जातो आणि तिथेच फसगत होते. ६० लाख पिक्सेलचे चित्र सुमारे १० बाय साडेसहा इंचांपर्यंत उत्तम छापता येते, आणि १२० लाखांचे साधारण १४ बाय साडेनऊ इंचांपर्यंत. घरच्या अल्बमला किंवा भिंतीवरच्या चौकटीला एवढे पुरते. खरा फरक सेन्सरच्या आकारमानाचा आहे. साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. त्याचे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. बहुतेक डीएसएलआरमध्ये असणारा एपीएस-सी सेन्सर निकॉनमध्ये सुमारे ३७० आणि कॅननमध्ये ३३० चौरस मिलिमीटर भरतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे ८६४. क्षेत्रफळ जितके मोठे, तितका जास्त प्रकाश गोळा होतो आणि संध्याकाळी किंवा घरात काढलेल्या फोटोत रंगीत ठिपक्यांचा गोंगाट तितका कमी दिसतो.

या आकड्यांवरून डीएसएलआर नेहमीच सरस, असा निष्कर्ष पटकन निघतो. तो चुकीचा आहे, कारण सेन्सरइतकाच लेन्सचाही त्यात वाटा असतो. त्यासाठी दोन प्रत्यक्ष कॅमेरे शेजारी ठेवून पाहावे लागतात. निकॉन डी९० हा २००८ चा कॅमेरा, १२३ लाख पिक्सेलचा, व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर. तो सहसा १८ ते १०५ मिलिमीटरच्या किट लेन्ससह विकला जाई. सोनी आरएक्स१०० हा २०१२ चा कॉम्पॅक्ट, एक इंची सेन्सरचा, २०० लाख पिक्सेलचा. डी९० चा सेन्सर आरएक्स१०० च्या सव्वातीन पट मोठा आहे. पण वाइड टोकाला डी९० च्या किट लेन्सचे छिद्र जास्तीत जास्त एफ ३.५ इतके उघडते, तर आरएक्स१०० ची लेन्स एफ १.८ पर्यंत. उघडलेल्या छिद्रातून सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश या एफ आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३.५ ला १.८ ने भागून वर्ग केला, की पावणेचारच्या आसपास उत्तर येते. म्हणजे लहान सेन्सरचा तोटा मोठ्या छिद्राने भरून निघतो आणि वर थोडा नफाच उरतो. घरातल्या वाढदिवसाचा वाइड फोटो काढताना हा पाव किलोचा कॅमेरा त्या सुमारे १.१ किलोच्या जोडीच्या बरोबरीला बसतो. शिवाय त्याचा सेन्सर चार वर्षांनी नवा आहे.

झूम केले की पारडे फिरते. आरएक्स१०० ची लेन्स लांबच्या टोकाला एफ ४.९ पर्यंत अरुंद होते आणि मग मोठ्या सेन्सरचा फायदा डी९० ला सुमारे अडीच पट प्रकाश देऊन जातो. साध्या, लहान सेन्सरच्या कॉम्पॅक्टशी तुलना केली, तर वाइड टोकालाही किट लेन्सवाला डीएसएलआर सुमारे आठ पट प्रकाश जमवतो. म्हणून ‘कॉम्पॅक्ट’ या एका नावाखाली दोन फार वेगळ्या जाती आहेत हे आधी लक्षात घ्यायला हवे. कॅनन इक्सस, निकॉन कूलपिक्स किंवा सोनी सायबर-शॉटचे स्वस्त नमुने एकीकडे, आणि आरएक्स१००, कॅननची जी७ एक्स मालिका, रिको जीआर किंवा फुजीफिल्म एक्स१०० हे दुसरीकडे. यांतल्या शेवटच्या दोघांत तर डीएसएलआरइतकाच मोठा एपीएस-सी सेन्सर असतो. २०१३ चा रिको जीआर फक्त २४५ ग्रॅमचा आहे. मात्र त्याला झूम नाही. जवळ जायचे तर पायांनी.

डीएसएलआरची खरी ताकद त्याची किट लेन्स काढून ठेवल्यावर दिसते. ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स कॅनन आणि निकॉन या दोघांच्याही यादीतल्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती व्यक्तिचित्रासाठी अगदी योग्य कोन देते. आरएक्स१०० च्या लांबच्या टोकाशी तुलना केली, तर ती सेन्सरवर दहा पटींहून अधिक प्रकाश टाकते. चेहरा धारदार, मागचे सारे मऊ आणि विरघळलेले, असा जो फोटो पाहून अनेकांना कॅमेरा घ्यावासा वाटतो, तो या लेन्सने येतो. किट लेन्सने फारसा येत नाही. दूरच्या विषयांचेही तसेच. भिगवणला उजनीच्या पाणथळीत हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी होडीतून टिपायचे, तर २५० किंवा ३०० मिलिमीटरची लेन्स लागते. एपीएस-सी सेन्सरवर तिचा कोन फुल फ्रेमवरच्या ४०० ते ४५० मिलिमीटरसारखा होतो. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तिथे कॅमेऱ्याला पर्यायच नाही. आणि वाघ दिसलाच, तर तो बहुधा लांबच असतो.

म्हणून ज्याला दुसरी लेन्स घ्यायची नाही आणि वेगवान हालचालही टिपायची नाही, त्याने किट लेन्ससह जुना डीएसएलआर घेण्यात फारसा अर्थ नाही. वजन वाहून मिळणारा फायदा थोडा, आणि काही प्रसंगी तोटाच. त्याच पैशात मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट मिळत असेल तर तो घ्यावा. उलट, दुसरी लेन्स नक्की घ्यायची असेल, तर त्याच किमतीचा कोणताही कॉम्पॅक्ट डीएसएलआरच्या जवळ येत नाही.

जोडायची लेन्स निवडताना निकॉनच्या ग्राहकाने एक गोष्ट सांभाळावी. निकॉनचा लेन्स जोडण्याचा एफ माउंट १९५९ पासूनचा आहे, आणि त्याच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर त्यांना फिरवते. डी७०, डी८०, डी९०, डी७००० यांच्यात ही मोटर आहे. डी४०, डी३१००, डी५१०० यांसारख्या छोट्या कॅमेऱ्यांत ती नाही, आणि तिथे अशा लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागतो. दुकानात लेन्स स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने घरी आणणाऱ्याची इथेच निराशा होते. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत असल्याने हा प्रश्न येत नाही.

कॉम्पॅक्टच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तो बरोबर असतो. डी९० बॅटरीसह ७०० ग्रॅमचा, किट लेन्ससह १.१ किलोच्या आसपास, शिवाय बॅग. राजगडाची चढण, पालखीबरोबरची वाटचाल किंवा लोकलची गर्दी यांत हे ओझे पहिल्या दिवशी कौतुकाचे वाटते आणि मग हळूहळू कपाटात राहू लागते. पण कॉम्पॅक्टचे गुण वजनापुरते नाहीत. लहान सेन्सरमुळे जवळून काढलेल्या फोटोत जास्त भाग स्पष्ट येतो, आणि आरएक्स१०० सारखा कॅमेरा वाइड टोकाला ५ सेंटिमीटरवर फोकस करतो. कासच्या पठारावरचे नखाएवढे फूल त्याच्या आसपासच्या पठारासकट टिपायचे, तर हे फार सोयीचे. डीएसएलआरला त्यासाठी बहुधा वेगळी मॅक्रो लेन्स लागते.

कॉम्पॅक्टचे शटर लेन्समध्येच असते आणि जवळजवळ निःशब्द असते. मैफलीत, कीर्तनात किंवा झोपलेल्या बाळाजवळ आरशाच्या खटक्याने सगळ्यांच्या माना वळतात. इथे तसे होत नाही. याच शटरमुळे भर उन्हात चेहऱ्यावरची सावली घालवायला फ्लॅश वापरता येतो. डी९० मध्ये फ्लॅशबरोबर शटरचा वेग साधारणपणे सेकंदाच्या २०० व्या भागापर्यंतच जातो. लेन्समधल्या शटरला ही मर्यादा खूपच वर असते. व्हिडिओच्या बाबतीत तर जुना डीएसएलआर घेऊच नये, असे म्हणावे लागेल. डी९० एका वेळी पाच मिनिटांपर्यंत, ७२० ओळींचा व्हिडिओ घेतो, आणि त्यात चालू असताना आपोआप फोकस होत नाही. कॅननच्या २००८ च्या ५डी मार्क २ ने चित्रपटवाल्यांनाही भुरळ घातली, पण ते फोकस हाताने फिरवणारे कसबी लोक होते.

बॅटरीत मात्र डीएसएलआर पुढे. पडदा सतत चालवावा लागत नसल्याने डी९० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीत ८५० फोटो काढतो, आरएक्स१०० सुमारे ३३०. साध्या कॉम्पॅक्टचा आकडा अनेकदा २०० ते २५० च्या घरात असतो. लग्नघरी किंवा दिवसभराच्या भटकंतीत हा फरक जाणवतो.

मग मोबाइल असताना कॉम्पॅक्ट कशाला, हा प्रश्न उरतो. साध्या कॉम्पॅक्टच्या बाबतीत तो रास्त आहे. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर त्या जुन्या कॉम्पॅक्टच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो आणि अनेक फोटो एकत्र करून गोंगाट काढण्याचे गणित फोन क्षणात करतो. जुन्या इक्ससकडे फोनला न जमणाऱ्या दोन गोष्टी असतात: लेन्स खरोखर पुढे येऊन मिळणारा झूम, आणि झेनॉनचा फ्लॅश. फोनचा एलईडी दिवा सतत जळतो आणि मंद असतो. झेनॉनचा फ्लॅश सेकंदाच्या फार छोट्या अंशात प्रखर प्रकाश टाकून हलणारा माणूस गोठवतो. तरुणांना आवडणारी ती उजळ चेहऱ्यांची, अंधाऱ्या पार्श्वभूमीची छायाचित्रे या फ्लॅशची देणगी आहे. ती हवी असतील तर साधा कॉम्पॅक्ट जरूर घ्यावा, पण दर्जा वाढेल या अपेक्षेने घेऊ नये. जुन्या सीसीडी सेन्सरच्या रंगांबद्दल हल्ली बरेच बोलले जाते. रंग घडण्यात त्या कॅमेऱ्याच्या प्रक्रियेचा वाटा सेन्सरच्या जातीपेक्षा मोठा असतो, म्हणून केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. जादा पैसे मोजावेत ते रॉ फाइलसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या सेन्सरच्या मूळ नोंदीसाठी. कॅमेऱ्यातून रॉ फाइल मिळत असेल, तर आजची सॉफ्टवेअर जुन्या सेन्सरच्या चित्रातूनही पूर्वी न दिसलेला तपशील बाहेर काढतात. सर्व डीएसएलआरमध्ये ही सोय असते. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा नसते.

वापरलेला कॅमेरा घेताना दोन्ही प्रकारांच्या दुखऱ्या जागा वेगळ्या असतात. डीएसएलआरचे शटर झिजते. डी९० चे शटर १ लाख वेळा, डी७००० चे आणि ५डी मार्क २ चे दीड लाख वेळा उघडझाप करेल असे कंपन्यांनी सांगितले होते. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच आतापर्यंतचा आकडा नोंदलेला असतो आणि तो संगणकावर वाचता येतो. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. सेन्सरवरची धूळ पाहण्यासाठी छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. काळसर ठिपके दिसले तर ती धूळ. डीएसएलआरमध्ये ती फुंकणीने किंवा दुकानात साफ करून घेता येते. कॉम्पॅक्टमध्ये तीच धूळ लेन्सच्या नळीतून आत शिरते आणि काढायची तर सगळा कॅमेरा खोलावा लागतो. त्याची लेन्स बाहेर येताना अडखळत असेल, करकरत असेल किंवा वाळू अडकल्यासारखी वाटत असेल, तर तो सौदा सोडून द्यावा. डीएसएलआरची लेन्स बिघडली तर लेन्स बदलता येते, कॉम्पॅक्टची बिघडली तर बहुतेक वेळा कॅमेराच संपतो.

कार्ड आणि बॅटरी याही आधी पाहायच्या गोष्टी. काही फार जुने कॅमेरे फक्त २ जीबीपर्यंतचे एसडी कार्ड घेतात, ५डीसारख्यांना कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते, आणि सोनीच्या मेमरी स्टिकवर किंवा एक्सडी कार्डवर चालणारे कॉम्पॅक्ट कार्डाअभावी निरुपयोगी होऊ शकतात. फुगलेली बॅटरी खाचेतून सहज बाहेर येत नाही, म्हणून ती काढून-घालून पाहावी. ५डी मार्क २ बरोबर आलेल्या एलपी-ई६ जातीच्या बॅटऱ्या कॅनन सुधारून अजून बनवते. डीएसएलआरच्या लेन्सनाही असेच पुढचे आयुष्य आहे: २०१८ पासून कॅनन आणि निकॉनची ॲडॅप्टर मिळतात, त्यांच्या मदतीने त्या मिररलेस कॅमेऱ्यांवर चालतात. मात्र निकॉनच्या त्या ॲडॅप्टरमध्येही मोटर नाही, म्हणून तिथेही मोटर असलेलीच लेन्स पुढे उपयोगी पडते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात, विशेषतः किनाऱ्यावर, वापरलेल्या लेन्सचा सर्वांत मोठा शत्रू बुरशी. घेताना लेन्सच्या एका बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण वाढलेली बुरशी काचेवरचा लेपही खाते. घरी आणल्यावर कॅमेरा कातडी केसमध्ये घालून बंद कपाटात ठेवू नये. कातडे ओल धरून ठेवते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा, पुड्या वेळोवेळी गरम करून कोरड्या कराव्यात. आणि जून ते सप्टेंबरमध्ये तर कॅमेरा कोणताही असो, आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून उजेडात वापरावा.